रोजा ज्याचा, नियत त्याची

दहावीची परीक्षा यंदा २० फेब्रुवारीला सुरू होऊन १८ मार्चला संपते आहे. चंद्राने साथ दिली तर पहिला रोजा १९ फेब्रुवारीच्या आसपास आणि ईद २० किंवा २१ मार्चला. म्हणजे पहिल्या पेपरपासून शेवटच्या पेपरपर्यंत सगळी दहावी रमजानमध्ये. बारावीची परीक्षा १० फेब्रुवारीपासून आहे, तिचाही बराच भाग रमजानमध्येच जाणार. मुंबईत, भिवंडीत, मालेगावात, रत्नागिरीत, जिथे जिथे मुसलमान घरात पंधरा ते अठरा वर्षांचं मूल आहे तिथे सध्या एकच विषय आहे: परीक्षेत रोजे ठेवायचे की नाहीत? शेजारी बोलतात, मामू बोलतात, क्लासचे सर बोलतात, मौलाना बोलतात. बोलत नाही ते फक्त ज्याची परीक्षा आहे ते मूल, कारण त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

मला वाटतं, हा निर्णय त्या मुलाचाच आहे. आईबापांनी तो त्याच्या हातात द्यावा आणि तो जे ठरवेल ते मानावं. हे बोलायला सोपं आणि घरात पाळायला अवघड आहे. आमच्या घरात या हिवाळ्यात हेच चाललं आहे, म्हणून लिहिते आहे.

आम्ही परळला राहतो. एक मोठी खोली, एक छोटी खोली आणि माणसं पाच: आम्ही दोघं, मुलांची दादी, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. मोठी अठराची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. धाकटा पंधराचा, मराठी माध्यमातून दहावीला बसतो आहे. मुंबईचा हिवाळा म्हणजे पहाटे पंख्याचा वेग एक आकडा कमी करणे, एवढंच. पण तारखांच्या बाबतीत यंदाचा हिवाळा फार गजबजलेला आहे. रमजानमध्ये लग्नं होत नाहीत, म्हणून सगळी लग्नं जानेवारीत आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला. त्यातच पूर्वपरीक्षा, प्रॅक्टिकल, शब-ए-बरात. आणि १५ जानेवारीला महापालिकेची निवडणूक झाली, २०१७ नंतर पहिल्यांदा. मोठीने आयुष्यातलं पहिलं मत दिलं, बोटावरची शाई मैत्रिणींना दाखवली आणि संध्याकाळी घरी येऊन विचारलं, "अम्मी, नगरसेवक मी निवडायचा आणि कुठल्या लग्नाला कुठला ड्रेस घालायचा ते दादी ठरवणार?" दादी हसल्या. प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या घरांत मुलं मोठी नेमकी कधी होतात?

आधी एक हिशोब सांगते. घरात हा विषय निघाला की "आमच्या वेळी आम्ही रोजे ठेवून परीक्षा दिल्या" हे वाक्य येतंच. इस्लामी वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून परत तिथेच येतो. मागच्या फेरीत मार्चमधली परीक्षा आणि रमजान एकत्र आले ते १९९१ ते १९९४ या वर्षांत. १९९६ साली ईद फेब्रुवारीतच होऊन गेली होती, १९९७ सालीही. तिथून पुढे पंचवीसेक वर्षं दहावी आणि रमजान यांची गाठ पडलीच नाही. २०२४ साली परीक्षेचा दुसरा अर्धा भाग रमजानमध्ये आला, २०२५ साली अर्ध्याहून जास्त, यंदा पूर्ण. आमच्या घरातल्या एका गृहस्थांनी १९९६ मध्ये दहावी दिली आहे आणि तेही हे वाक्य म्हणतात. मी त्यांना जुनं कॅलेंडर दाखवलं. तेव्हापासून ते "पूर्वपरीक्षेत ठेवले होते" असं म्हणतात.

चेष्टा सोडली तर मुद्दा एवढाच की आज जे आईबाप चाळीस-पंचेचाळीसचे आहेत, त्यांच्यापैकी बहुतेकांना दहावीच्या पेपरला रोजाने बसण्याचा अनुभव नाही. आपण जे सांगतो आहोत ते ऐकीव आहे. आणि हा प्रसंग यंदापुरता नाही. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास लागेल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. बारावी, प्रॅक्टिकल, पूर्वपरीक्षा यांपैकी काही ना काही पुढची तीन-चार वर्षं रमजानमध्ये येत राहील. तेव्हा आताच नीट विचार केलेला बरा.

दोन बाजू आहेत. एक म्हणते, "वर्षभराची मेहनत आहे, एक महिना रोजे सोडले तर काय बिघडतं? नंतर कजा कर." दुसरी म्हणते, "रोजा ठेवून परीक्षा दे, अल्लाह मदत करेल. सोडलास तर बरकत जाईल." पहिली बाजू मुलाला नापास होण्याची भीती घालते, दुसरी गुनाहची. दोन्ही बाजूंची माया खरी आहे, यात शंका नाही. पण पेपर मुलाचा आहे, पोट मुलाचं आहे आणि अल्लाहपुढे उत्तर द्यायचं तेही मुलालाच आहे. यातलं काहीच आपल्या हातात नाही.

दीन काय सांगतो? रोजा बालिग म्हणजे वयात आलेल्या, समज असलेल्या प्रत्येकावर फर्ज आहे. सूरह बकरहमध्ये आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत आहे, त्यांनी ते दिवस नंतर भरून काढायचे. परीक्षा ही काही आपोआप मिळणारी सवलत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात; पण रोजात कोणाला प्रत्यक्ष त्रास होऊ लागला, तब्येत बिघडायला लागली तर तो सोडण्याची वाट मोकळी आहे, हेही तेच सांगतात. आता यातला कळीचा शब्द पाहा: त्रास. पेपरच्या हॉलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाचं डोकं किती दुखतं आहे, हे परळच्या स्वयंपाकघरात बसलेल्या आईला कळणार नाही. ते त्यालाच कळणार. आणि दुसरा शब्द: नियत. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. आमच्याकडे रमजानच्या प्रत्येक रोजाची नियत त्या-त्या रात्री, फजरच्या आधी करावी लागते. ही नियत दुसरं कोणी करू शकत नाही. आई सहरी बनवू शकते, बाप उठवू शकतो, दादी दुआ देऊ शकते. नियत ज्याची त्याने करायची. ज्या दीनने बालिग झालेल्या मुलावर एवढी मोठी गोष्ट टाकली, त्या दीनच्या नावाने आपण त्याच्याशी बोलताना तो पाच वर्षांचा असल्यासारखं का बोलतो?

पण मुलाच्या हातात निर्णय देणं म्हणजे "तुझं तू बघ" म्हणून मोकळं होणं नव्हे. त्याच्यापाशी ठरवण्यासाठी काहीतरी माहिती हवी. आम्ही काय केलं ते सांगते. जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या सरावाच्या दिवसांत, धाकट्याने एका सोमवारी आणि एका गुरुवारी नफिल रोजा ठेवला. कल्पना त्याची नव्हती, मोठीची होती. नफिल रोजा मध्येच सोडावा लागला तरी आमच्या मसलकात त्याची कजा लागू होत नाही, त्यामुळे डोक्यावर ओझं नव्हतं. दोन्ही दिवशी सकाळी अकरा वाजता त्याने घरी बसून घड्याळ लावून पेपर सोडवला. सोमवारी तो आदल्या रात्री एका लग्नाहून साडेबाराला आला होता आणि सहरीला पावणेपाचला उठला. पेपर कसाबसा झाला, दोन वाजता डोकं धरून झोपला. गुरुवारी तो आदल्या रात्री साडेनऊला झोपला होता, सहरीत तळलेलं काही खाल्लं नव्हतं, पाणी थोडं थोडं करून प्यायला होता. त्या दिवशीचा बीजगणिताचा पेपर नेहमीसारखा गेला. संध्याकाळी तो स्वतःच म्हणाला, "अम्मी, भुकेचं काही नाही, झोपेचं आहे."

हे वाक्य मी त्याला शिकवलं असतं तर त्याने ऐकलं नसतं. आणि ते बरोबर आहे. मुंबईत फेब्रुवारी-मार्चमध्ये रोजा साधारण तेरा तासांचा असतो. लंडनमध्ये जूनच्या रमजानमध्ये तो अठरा तासांच्या वर जातो. आपला रोजा त्या मानाने हलका आहे, फक्त मार्चच्या मध्यावर ऊन तापायला लागतं. खरी मारामारी रात्रीची आहे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात. तरावीह आटोपून घरी यायला साडेदहा, त्यात घरात गप्पा, सहरीला पावणेपाच. छोट्या घरात एक उठला की सगळे उठतात, भांडं पडलं की सगळ्यांची झोप मोडते. तरावीह ही सुन्नत आहे, फर्ज नाही, आणि ती घरीही पढता येते. पेपरच्या आदल्या रात्री धाकट्याने घरी पढून लवकर झोपायचं, हे त्याने आणि त्याच्या अब्बांनी मिळून ठरवलं आहे.

नेदरलँड्समधल्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. शिकवण्याच्या काळात रमजानचे जितके जास्त आठवडे आले, तितके मुसलमान विद्यार्थ्यांचे गुण थोडे कमी झालेले त्यात दिसले. फरक मोठा नव्हता, पण होता. रोजाचा काहीच परिणाम होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. आणि रोजा ठेवला की मूल नापासच होणार असं म्हणणाऱ्यांनीही ऐकावं, कारण परिणाम थोडाच होता. थोडा परिणाम मान्य करून रोजा ठेवायचा की थोडा परिणामही नको म्हणून नंतर कजा करायचा, हे ज्याचं त्याने तोलायचं. धाकट्याने ठरवलं आहे की तो रोजे ठेवणार. पेपरमध्ये चक्कर आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर पाणी पिणार आणि ईदनंतर तो दिवस भरून काढणार. त्याच्या वर्गातल्या दोस्ताने पेपरचे दिवस सोडून बाकीचे रोजे ठेवायचं ठरवलं आहे. मी दोघांच्याही आयांना, म्हणजे त्यातली एक मीच, एवढंच सांगते की यावर आता अजून चर्चा नको.

आता मोठीचं सांगायला हवं, कारण या सगळ्या चर्चेत मुली कुठेच नसतात. धाकट्याच्या दहावीसाठी टीव्ही बंद, पाहुणे बंद, फोन हळू. मोठीचीही सेमिस्टर परीक्षा रमजान संपता संपता डोक्यावर येते. पण संध्याकाळी पाचला भजी, समोसे, फ्रूट चाट, सरबत यांसाठी हाक मारली जाते ती तिला. शाळेत मी दर वर्षी पाहते. रमजानमध्ये माझ्या वर्गातल्या मुलींचा गृहपाठ कमी होतो आणि मुलांचा फारसा होत नाही. रोजा दोघांचाही असतो. दुपारी चार ते सात हे तीन तास मुलींचे स्वयंपाकघरात जातात, आणि रात्रीची भांडी वेगळी. दहावीच्या मुलीलाही "नुसतं कांदा चिरून दे, मग बस अभ्यासाला" असं सांगितलं जातं. एका महिन्यात हे किती तास होतात याचा हिशोब करून पाहा. मुलीचे गुण कमी आले की आपण रोजाला दोष देतो किंवा मोबाइलला. कढईला कोणी दोष देत नाही.

आमच्याकडे ठराव झाला आहे. यंदा इफ्तार साधी: खजूर, फळं, एक पदार्थ, पाणी. तळण आठवड्यातून एकदा. फळं कापण्याचं काम यांचं, भांडी दिवसाआड धाकट्याची, पेपरच्या आदल्या दिवशी त्याला माफी. दादींना हे आधी पटलं नाही. "मुलगा भांडी घासेल?" असं त्या म्हणाल्या. मोठीने शांतपणे सांगितलं की पैगंबर साहेब घरच्या कामात हात लावत असत, हे मदरशातच शिकवलं आहे. दादींनी मग विषय बदलला. मुलींचं अजून एक आहे. महिन्यातले काही दिवस त्यांना रोजा नसतो, हा दीनचाच नियम आहे. तरी कित्येक घरांत मुली भाऊ आणि बाप यांच्यासमोर रोजा असल्यासारखं दाखवतात, सहरीला उठतात, दिवसभर चोरून पाणी पितात. अशा मुलीला त्याच दिवशी गणिताचा पेपर असेल तर? आपल्या घरात मुलीला त्या दिवसांत उघडपणे जेवता येतं का, हे एकदा प्रत्येक आईने पाहावं. बापांनीही पाहावं.

शाळांविषयी दोन शब्द, कारण मी त्यातलीच एक आहे. वेळापत्रक बदला अशी मागणी मी करणार नाही. महाराष्ट्रात लाखो मुलं परीक्षेला बसतात, चंद्रावर वेळापत्रक ठरवता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१६ साली रमजान परीक्षांच्या हंगामात आला, तेव्हा तिथल्या परीक्षा मंडळांनी जास्त विद्यार्थी बसतात असे काही पेपर शक्य तिथे आधी घेण्याचा विचार केला; हे चांगलंच, पण आपल्याकडे त्याची वाट पाहू नये. आपल्याकडे हातात असणाऱ्या गोष्टी छोट्या आहेत. सकाळचा पेपर अकराला असतो, ही रोजेदारासाठी सोयीची वेळ आहे. दुपारच्या सत्रातला पेपर संध्याकाळी सहानंतर सुटतो आणि इफ्तार पावणेसातच्या आसपास असते. त्या दिवशी मुलाच्या बॅगेत खजूर आणि पाण्याची बाटली असली की झालं. वर्गात शिक्षकांनी "रोजा आहे ना? म्हणून झोप येते" असं सगळ्यांसमोर म्हणू नये. आणि उर्दू शाळेतल्या शिक्षकांनी रोजा न ठेवणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर विचारू नये की का नाही. दोन्ही प्रश्न सारखेच मूल कानकोंडं करतात.

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा मला विचारलं, "अगं, दहावीला पोराला उपाशी कशाला ठेवतेस?" मी म्हटलं, "काकू, मी नाही ठेवत, तो राहतोय." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचा पण श्रावणी सोमवार सोडत नाही, कॉलेजला जाऊन आला तरी." दर गणपतीत लालबाग-परळच्या मुलांचं जागरण आणि सहामाही परीक्षा एकाच सुमाराला येतात, तेही त्यांना माहीत आहे. पोरांना वाढवणाऱ्या बायकांना या गोष्टी एकमेकींना फार समजावाव्या लागत नाहीत.

यावर आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. पंधरा वर्षांचं पोर काय ठरवणार? आज रोजा त्याच्यावर सोडला तर उद्या सगळंच त्याच्यावर सोडाल का? नाही, सोडणार नाही. धाकट्याला रमजानच्या रात्री दोस्तांबरोबर मिनारा मशिदीकडे खायला जायचं आहे, दोन वाजेपर्यंत. परीक्षा संपेपर्यंत नाही, हे मी ठरवलं आहे. दोस्ताची बाइक चालवायची आहे. लायसन्सचं वय झालेलं नाही, तेव्हा तो विषयच नाही. फोन उशाशी हवा आहे, कारण म्हणे अजान आता ॲपवर येते. अजान दादींच्या फोनवर येईल, त्याचा फोन माझ्या कपाटात राहील. मुलाच्या जिवाचा, दुसऱ्याच्या जिवाचा किंवा कायद्याचा प्रश्न आहे तिथे आईबाप ठरवतील. मुलाचा आणि अल्लाहचा मामला आहे तिथे आईबाप माहिती देतील, सोय करून देतील, दुआ करतील आणि बाजूला होतील. या दोन प्रकारांची गल्लत झाली की घरात दोन्हीकडून नुकसान होतं. आपण बाइकला "पोरगं आहे, ऐकत नाही" म्हणून सोडून देतो आणि रोजाला मात्र पहारा बसवतो.

पहाऱ्यातला रोजा किती टिकतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. कॉलेजला गेल्यावर, वसतिगृहात गेल्यावर, नोकरीला पुण्याला किंवा दुबईला गेल्यावर पहारा नसतो. तेव्हा जवळ उरते ती स्वतःची नियत. ती करायची सवय पंधराव्या वर्षी लागली नाही तर पंचविसाव्या वर्षी कुठून येणार? अभ्यासाचंही तसंच आहे. आईच्या धाकाने केलेला अभ्यास दहावीपर्यंत पुरतो, पुढे नाही.

तेव्हा ज्यांच्या घरात यंदा परीक्षा आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. रमजान लागायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि मुलाला, मुलीला विचारा की त्यांनी काय ठरवलं आहे. एकदाच विचारा. जे उत्तर येईल त्यावर मामूला, फुफीला, क्लासच्या सरांना मत देऊ देऊ नका. ईदच्या दिवशी शीरखुर्मा वाढताना "तू किती ठेवलेस?" असं सगळ्यांसमोर कोणी विचारलं तर मुलाच्या आधी तुम्ही बोला आणि विषय बदला. आणि पेपरच्या आदल्या रात्री दहा वाजता घरातला दिवा बंद करा.